मागाच्या खड्ड्यातली हवा

मागच्या महिन्यात मुलीच्या नव्या फ्लॅटमध्ये हवेचं यंत्र विकायला एक माणूस आला होता. गळ्यात टाय, हातात गुळगुळीत कागदाचं चित्रांचं पुस्तक. म्हणाला, "मावशी, घर सगळं बंद ठेवायचं. आतली कोंदलेली हवा हळूहळू बाहेर जाते, बाहेरची ताजी आत येते. आणि जाणारी हवा जाता जाता आपला गारवा येणाऱ्या हवेला देऊन जाते. थंडीत ऊब देते. परदेशात घरोघरी आहे, आपल्याकडे आत्ता कुठे येतंय."

मी म्हटलं, "आमच्या घरी होतं की. सोलापूरला. मी खणलं होतं, कुदळीनं."

मुलीनं टेबलाखालून माझ्या पायावर पाय दिला. तो माणूस समजूतदारपणे हसला. म्हाताऱ्या बायकांकडे पाहून हसतात ना, तसं. मला त्या हसण्याचा राग आला आणि तो अजून गेलेला नाही. म्हणून हे लिहायला बसले.

सत्तरच्या दशकातली गोष्ट. आमचं घर सोलापुरात विणकरांच्या गल्लीत होतं. दोन खोल्या आणि मागं छोटं परडं. माळवदाचं घर, म्हणजे जाड भिंती, वर लाकडी तुळया आणि त्यांवर मातीचं सपाट छप्पर. पुढच्या खोलीत आमचा माग. हा माग जमिनीतला. कंबरेइतका खोल खड्डा, त्यात पाय सोडून माझे वडील, अप्पा, काठावर बसायचे, पायांनी खालच्या पावड्या दाबायचे आणि हातांनी धोटा इकडून तिकडे फेकायचे. बारीक सुताची नऊवारी लुगडी विणायचे. सूत कारखानदाराचं, लुगडंही कारखानदाराचं. मधली मेहनत तेवढी आमची. अप्पा त्यांना मालक म्हणायचे, म्हणून आम्हीही मालकच म्हणायचो.

बारीक सुताला कोरडी हवा चालत नाही. सोलापूरचा उन्हाळ्यातला वारा लागला की सूत वाळतं आणि धोटा फेकता फेकता कटाकट तुटतं. म्हणून मागाची खोली बंद ठेवायची, हा आमच्या गल्लीतला कायदा. खिडकी बंद, दाराला ओलं गोणपाट, आणि माळवदाला उजेडासाठी ठेवलेलं भोक, ज्याला आम्ही सवणं म्हणायचो, तेही फरशी ठेवून मातीनं लिंपलेलं. आत सुताची लव तरंगत असायची. ती भुवयांवर बसायची, भाकरीवर बसायची, पाण्याच्या तांब्यात तरंगायची. बाहेरच्या माणसाला वाटेल अतिशयोक्ती करते आहे. त्यानं एक दिवस तिथं बसून दाखवावं.

त्या खोलीच्या कोपऱ्यात माझी आई रहाटावर कांड्या भरत बसायची. कांडी म्हणजे धोट्यात घालायची सुताची गुंडाळी. अप्पांचा धोटा थांबू नये म्हणून आईचा रहाट थांबायचा नाही. शिवाय ताण्यातला, म्हणजे मागावर ताणलेल्या उभ्या सुतातला, एखादा धागा तुटला की उठून तो जोडायचा, तोही आईनंच. तिची बोटं अशी की जोडलेली जागा हाताला लागायची नाही. वीस वर्षं तिनं हेच केलं आणि वीस वर्षं तीच हवा आत घेतली. मी मॅट्रिक झाले तोवर तिला एक वाक्य एका दमात बोलता येईनासं झालं होतं. "भाकरी... झाली का... गं," असं तीन तुकड्यांत बोलायची. मध्ये छातीतून शीळ वाजायची.

डॉक्टरांना दाखवलं. त्यांनी छाती तपासली, गोळ्या दिल्या आणि सांगितलं, "यांना हवापालट हवा. महाबळेश्वर नाहीतर पन्हाळ्याला दोनतीन महिने घेऊन जा." अप्पांनी मान डोलावली, जसं काही आमचा तिथं बंगलाच होता. रस्त्यात मी म्हटलं, "अप्पा, खिडकी उघडू या. फुकटचा हवापालट." अप्पा म्हणाले, "सूत तुटंल की गं." बस्स, संपला विषय. आईची छाती तुटली तरी चालेल, सूत तुटता कामा नये.

माझं डोकं फिरलं. फाल्गुनात एका दुपारी अप्पा जेवून आतल्या खोलीत आडवे झाले, तेव्हा मी मागाच्या खोलीची खिडकी सताड उघडली. वारा धावत आत आला, लव सैरावैरा उडाली, आई दचकली आणि मग तिनं डोळे मिटून लांब श्वास घेतला. अर्धापाऊण तास ती तशी सुखानं बसली होती. मला वाटलं, जिंकलं.

अप्पा येऊन मागावर बसले. धोटा फेकला आणि तीन धागे तुटले. पुन्हा फेकला, दहाबारा तुटले. ताणा खारकेसारखा वाळला होता. अप्पा मला बोलले असते तर बरं झालं असतं. ते नुसते खिडकीकडे बघत राहिले. धागे जोडायला अर्थातच आई बसली. दोन दिवस ताण्यावर वाकून, नाक त्या लवेतच घालून. दुसऱ्या दिवशी संध्याकाळी ती मला म्हणाली, "तुझी हवा... मलाच... निस्तरावी लागती." मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. तिच्यासाठी केलं आणि तिच्याच माथी आलं.

ते लुगडं घेऊन अप्पा मालकांकडे गेले आणि दुसऱ्या दिवशी मालक स्वतः आमच्या दारात आले. धोतर, काळी टोपी, लुगडं काखेत. ते उजेडावर धरून त्यांनी एकेक गाठ बोटानं दाखवली. एवढ्या घाईत एवढे धागे जोडताना आईच्याही गाठी दिसल्याच. मालक म्हणाले, "बारीक सूत मी बंद खोलीतच देतो. ही खिडकी उघडली कुणी?" मी म्हटलं, "मी उघडली. आईला श्वास लागतो." मालकांनी माझ्याकडे पाहिलंही नाही. अप्पांना म्हणाले, "खिळे हायेत का घरात?" आणि अप्पांनी मालकांच्या देखत खिडकीच्या दारांना चार खिळे ठोकले. प्रत्येक घाव मला ऐकू येत होता. त्या दिवशी मी मनाशी ठरवलं, आता या घरात हवा आणीनच. आणि सूतही तुटू देणार नाही. बघू कोण काय बोलतं ते.

ठरवणं सोपं. करायचं काय ते कळत नव्हतं. फाल्गुन सरता सरता एकदा अप्पांचा हात दुखत होता म्हणून मी मागावर बसले. डोक्यावरून घामाच्या धारा, आणि पाय मात्र गार. खड्ड्यातली माती ओलसर, जणू श्रावण चालू आहे. मी खाली वाकून खड्ड्यात तोंड घातलं. गार आणि दमट. सुताला हवी तशीच. पण कोंडलेली. तिला येण्याजाण्याला वाट नव्हती. मी धोटा खाली ठेवला. हवा जर जमिनीखालूनच आत आणली तर? मातीत ती गार होईल, ओलीही होईल. सुताला कळणारसुद्धा नाही.

मागच्या परड्यात रांजण आणि धुण्याचा दगड होता. तिथली जमीन बारा महिने ओली. तिथून मागाच्या खड्ड्यापर्यंत, आतल्या खोलीच्या खालून, एक चर खणायचा आणि वर शहाबादी फरशा टाकायच्या, असा माझा बेत. माग चालू असताना खणणं शक्य नव्हतं. पण अमावस्येला गल्लीतले सगळे माग बंद असायचे. त्या दिवशी धोट्याला कुणी हात लावत नाही. अप्पा सकाळीच सिद्धेश्वराला जायचे, तिथून पाहुण्यांकडे. अमावस्येला जमीन खणू नये, असं शेजारच्या काकूंनी मला बजावलं. मी म्हटलं, "मग कधी खणू? बाकीचे दिवस तर मालकांच्या लुगड्यांना दिलेत."

पहिल्या अमावस्येला परडं खणून वर फरशा आणि माती टाकली, दुसऱ्या अमावस्येला आतली खोली खणली. तळहाताला फोड आले, ते फुटले, पुन्हा आले. निघालेली माती माळवदावर नेऊन पसरली, छप्पर पक्कं झालं. अप्पा तिन्हीसांजेला आले तेव्हा आतल्या खोलीत अजून चार फरशा बसायच्या होत्या. ते चराच्या काठावर उभे राहिले. आत पाहिलं, मागाच्या खड्ड्याकडे पाहिलं. त्यांना कळलं. तीस वर्षं त्या खड्ड्यात पाय सोडून बसलेल्या माणसाला कळणारच. ते म्हणाले, "मी कायबी बघितलं न्हाय." आणि धोतर खोचून चारही फरशा त्यांनीच बसवल्या.

तिसऱ्या अमावस्येला खड्ड्याची भिंत फोडली आणि वरचं सवणं उघडलं. खालून गार हवा येईल, वरून उष्ण निघून जाईल, असा माझा हिशेब. दुपारी मी लवेचा एक पुंजका खड्ड्यातल्या भोकापाशी धरला. तो आत यायच्या ऐवजी भोकात शिरून परड्याकडे निघाला! मी रडकुंडीला आले. सवण्यातून भट्टीसारखी हवा खाली पडत होती आणि आमच्या खोलीतला होता नव्हता तो गारवा चरातून पळून जात होता. बाहेरची हवा आतल्यापेक्षा तापलेली, मग आतल्या हवेला वर का जावंसं वाटेल? आतली गार हवा जड, ती खालच्या वाटेनं निघणार. मॅट्रिकच्या सायन्समध्ये मी हे पाठ केलं होतं. पाठ केलेलं वेळेवर आठवेल तर शप्पथ.

उपाय सापडला रस्त्यावर. पलीकडच्या रस्त्याचं काम चालू होतं, तिथं डांबराची रिकामी पिंपं उन्हात पडलेली. एकाला चुकून कोपर लागलं आणि चटका बसला. पिंपाच्या तोंडावरची हवा थरथरत होती, तिच्यातून पलीकडची भिंत वेडीवाकडी दिसत होती. मी तिथंच उभी राहिले. घरच्या हवेपेक्षा, बाहेरच्या हवेपेक्षा, सगळ्यांपेक्षा तापलेली हवा या काळ्या पिंपात होती. आणि ती वरच चालली होती. हे पिंप सवण्यावर बसवलं तर ते खोलीतली हवा वर ओढून घेईल.

घरी येऊन मी नुसतं बोलले. दुसऱ्या दिवशी दोन पिंपं परड्यात. अप्पा म्हणाले, "रस्त्यात पडली होती." त्यांची बुडं काढायला अप्पांनीच छिन्नी चालवली, शिडी अप्पांनीच धरली, एकावर एक पिंप ठेवून मातीनं सांधे अप्पांनीच लिंपले. आणि पुन्हा म्हणाले, "मी कायबी बघितलं न्हाय, बरं का." आई परड्यातून वर बघत होती. हसायला लागली आणि हसता हसता खोकायला लागली.

त्या दुपारी लवेचा पुंजका भोकापाशी धरला. तो थरथरला, माझ्या बोटांतून सुटला, खोलीत आला, मागावरून हळूच वर चढला आणि सवण्यातून दिसेनासा झाला. मी दहा वेळा धरला, दहा वेळा गेला. अप्पा मागावर बसले. धोटा फेकला. पुन्हा फेकला. संध्याकाळपर्यंत एक धागा तुटला नाही. गार दमट हवा अप्पांच्या पायांपासून ताण्याला लागून वर सरकत होती आणि लव आपल्याबरोबर घेऊन जात होती. पुढं थंडीत बाहेर दात वाजत होते तेव्हा त्याच चरातून येणारी हवा कोमट लागायची. जमिनीच्या पोटात ना उन्हाळा असतो ना हिवाळा. ते टायवाल्यानं मला शिकवू नये.

आईला बरं वाटायला लागलं, हे एकदम नाही कळलं. भाकरीवरची लव आधी कमी झाली. मग तिची शीळ दुपारीच वाजायची, सकाळी नाही. दोन महिने झाले असतील. मी दूध उतू घालवलं आणि ती कोपऱ्यातून ओरडली, "लक्ष कुटं असतंय गं तुझं, लई शानी झालीस का?" सलग. एका दमात. अप्पांचा धोटा थांबला. आम्ही दोघं तिच्याकडे बघायला लागलो आणि ती म्हणाली, "काय झालं?" मला इतका आनंद झाला की मी उरलेलं दूधही सांडलं.

गल्लीतल्या बायका बघायला यायला लागल्या. काठावर बसायच्या, भोकापाशी हात धरायच्या, "गार लागतंय की" म्हणायच्या. दोघीतिघींनी आपल्या नवऱ्यांपुढं विषय काढला. म्हणजे तो मालकांच्या कानावर जाणारच होता. शिवाय छपरावरची काळी पिंपं रस्त्यावरून दिसत होती. मी ती लपवायला काहीच केलं नाही. का लपवू?

मालक आले तेव्हा मागावर अर्धं लुगडं विणून झालं होतं, पुढचा ताणा दारापर्यंत ताणलेला. ते आधी वर बघत राहिले, मग मागाशी आले. विणलेलं कापड त्यांनी वीतवीत चाचपलं. गाठ शोधत होते. एक सापडली नाही. मी म्हटलं, "सापडली का?" अप्पांनी मला डोळ्यांनी दटावलं.

मालक म्हणाले, "कापड चांगलं हाय. पण भोक बुजवा. दोनी."

"का?" मी विचारलं.

"मी सांगितलं होतं म्हणून." या वेळी ते माझ्याकडे बघून बोलले. "आज तुमी छपराला भोक पाडलं, उद्या सगळी गल्ली पाडंल. माझं सूत कुटं कसं ठेवायचं ते तुमी ठरवणार?"

त्यांना सुताची काळजी नव्हतीच, हे तेव्हा मला लख्ख कळलं. सूत उत्तम होतं. त्यांना न विचारता कुणी श्वास घेतला, हे त्यांना खुपत होतं. मी तसं तोंडावर म्हणालेही. अप्पा मात्र शिडीकडे वळले. माझे अप्पा वाईट नव्हते. त्यांना कुणी नाही म्हणायला शिकवलंच नव्हतं. त्यांनी शिडीला हात घातला.

"न्हाय," आई म्हणाली. ती रहाट सोडून उठली होती. मालकांसमोर ती आजवर कधी पदराआडूनही बोलली नव्हती. "भोक ऱ्हाईल."

मालक शांतपणे म्हणाले, "ऱ्हाऊ द्या. मग माझा ताणा उतरवा. आत्ता, माझ्यासमोर. कापा."

बाहेरच्या माणसाला याचा अर्थ कळणार नाही. मागावर चढलेला ताणा कुणी कापत नाही. शेवटच्या वितीपर्यंत तो विणायचा. विणणारा मेला तरी सुतक फिटल्यावर शेजारी येऊन बसतो आणि उरलेलं पुरं करतो. अर्धा ताणा कापला म्हणजे घरातला माग उठला, असं आमच्यात मानतात. मालकही विणकराच्याच घरातले. आम्ही कापणार नाही अशी त्यांची खात्री होती, म्हणूनच त्यांनी कोनाड्यातली कात्री उचलून अप्पांच्या हातात दिली.

पुढं आमचा माग किती दिवस रिकामा राहिला, अप्पा कुठल्या कुठल्या दारात काम मागत फिरले, शेवटी चादरीच्या सोसायटीचं जाडं सूत कसं मिळालं, आणि आई त्याच खोलीत आणखी कितीतरी वर्षं कशी जगली, हे सगळं नंतरचं. त्या घडीला यातलं काही कुणाला माहीत नव्हतं. समोर फक्त मालक होते आणि अप्पांच्या हातातली कात्री होती.

अप्पांना कात्री उघडता येईना. आईनं ती त्यांच्या हातातून घेतली. वीस वर्षं एकेक तुटका धागा जोडणारी ती बाई ताण्याच्या एका कडेला उभी राहिली आणि कापायला लागली. ताणलेले धागे सटासट मागे उसळत होते. लवेचा ढग उठला. निम्म्यावर आली आणि तिचा दम संपला. हात थांबला, छातीत शीळ वाजायला लागली.

मालक पुढं झाले. "बाई, अजून निम्मा शाबूत हाय. गल्लीतल्या बाया जोडू लागतील. ऱ्हाऊ द्या. भोक तेवढं बुजवा."

आई खाली वाकली, मागाच्या खड्ड्यात उतरली आणि माझ्या चराच्या तोंडापाशी तोंड नेऊन बसली. सावकाश, पोटभर, पाचसहा श्वास घेतले. आम्ही सगळे उभे होतो, मालकही. मग ती वर आली आणि तिनं उरलेला ताणा कापला.